पेट्रोल कुठल्या कंपनीचं चांगलं? आधी पंप ओळखा

आमच्या पार्किंगमध्ये पेट्रोलवरून दोन तट आहेत. तळमजल्यावरचे काका सरकारी कंपनीच्याच पंपावर भरतात, तेही ठरलेल्या एकाच. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा खासगी कंपनीच्या पेट्रोलसाठी सहा किलोमीटर वाकडी वाट करतो आणि "ॲव्हरेज दोनने वाढतं" असं छातीठोक सांगतो. जाऊन-येऊन बारा किलोमीटर जे जळतं ते तो हिशेबात धरत नाही, ते असो. मी दोघांचं ऐकून दोन्हीकडे भरून पाहिलं, वहीत नोंदी ठेवल्या, एकदा चांगला फटकाही खाल्ला. त्यानंतर माझं मत असं झालंय की पाटीवर नाव कुणाचं याला आपण नको तेवढा भाव देतो. कंपनी-कंपनीत फरक आहे, पण थोडा. पंपा-पंपात मात्र जमीन-अस्मानाचा असू शकतो, आणि तो बराचसा आपल्याला स्वतः तपासता येतो.

आधी हे पेट्रोल येतं कुठून

मुंबईत माहूलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांच्या रिफायनऱ्या शेजारी-शेजारी आहेत. एक पूर्वीची बर्मा-शेलची, दुसरी एस्सोची; १९७० च्या दशकात दोन्ही सरकारी झाल्या. इंडियन ऑइलची महाराष्ट्रात एकही रिफायनरी नाही, तरी तिचे पंप गावोगाव आहेत. हे जमतं कारण सरकारी कंपन्या आपसात माल देतात-घेतात. ज्या भागात ज्याची रिफायनरी किंवा पाइपलाइन जवळ, तिथून बाकीच्यांचे टँकरही भरतात. गुजरातचं पेट्रोल मुंबईत आणि मुंबईचं गुजरातेत नेण्यात कुणाचाच फायदा नाही.

आमच्या नाशिककडे बघा. माहूलहून भारत पेट्रोलियमची पाइपलाइन मनमाडला येते आणि पुढे इंदूरजवळच्या मांगल्यावरून दिल्लीच्या दिशेने जाते. मनमाडजवळ पानेवाडीला डेपो आहेत, तिथून टँकर सुटतात. पुण्या-सोलापूरकडे हिंदुस्थान पेट्रोलियमची दुसरी लाइन आहे, लोणी काळभोर आणि पुढे सोलापूरजवळ पाकणी. परभणीत पेट्रोल कायम महाग का, याच्या उत्तरातही मनमाड येतं: टँकरने एवढ्या लांब न्यायचं भाडं शेवटी लिटरच्या दरात बसतं.

खासगी कंपन्यांत रिलायन्सची रिफायनरी जामनगरला, आणि जिओ-बीपीचे पंप तिच्याशी जोडलेले. नायराची, म्हणजे आधीच्या एस्सारची, वाडिनारला; तीही जामनगरच्या बाजूलाच. शेलची भारतात रिफायनरीच नाही. म्हणजे तिच्या पंपावरचं मूळ पेट्रोलही दुसऱ्या कुणाच्या तरी रिफायनरीतच तयार झालेलं.

मूळ पेट्रोल कुठूनही आलं तरी ते भारतीय मानकात बसावंच लागतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आहे. गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा (आधीच्या बीएस-४ मध्ये ५० चालायचं), बेंझीन एक टक्क्याच्या आत, साध्या पेट्रोलचा ऑक्टेन तेव्हा किमान ९१, आणि १५ अंश तापमानाला डेन्सिटी, म्हणजे घनता, घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग कंपनीचं म्हणून काय उरतं? ॲडिटिव्ह. इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर काजळी धरू नये म्हणून घालतात ते द्रव्य, साधारणपणे टँकर भरताना मिसळलं जातं. भारत पेट्रोलियमचं स्पीड, हिंदुस्थानचं पॉवर, इंडियन ऑइलचं एक्सपी९५, शेलचं व्ही-पॉवर ही त्यातली नावं. जिओ-बीपी तर साध्या पेट्रोलमध्येही ॲडिटिव्ह असल्याचं सांगते. कंपनी बदलल्याने खरा फरक पडतो तो एवढाच, आणि तो महिनोन् महिने तेच भरत राहिलं तर इंजिनच्या स्वच्छतेत दिसतो. एका टाकीत "पिकअप आला" असं ज्याला वाटतं, त्याने बहुधा त्याच दिवशी टायरमध्ये हवाही भरलेली असते.

तुमच्या गाडीला काय लागतं

पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तकात ऑक्टेन लिहिलेला असतो. तिथे ९१ असेल तर साधंच पेट्रोल भरा. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता. चढावर चौथ्या गियरमध्ये गाडी दामटली की इंजिनातून कट-कट आवाज येतो, ते नॉकिंग. ज्या इंजिनात कॉम्प्रेशन जास्त, तिथे जास्त ऑक्टेनचा उपयोग होतो. साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालणं म्हणजे म्हशीला बदामाचं दूध पाजण्यासारखं. दूध काही वाढत नाही. ९९ आणि १०० ऑक्टेनची पेट्रोलंही मोठ्या शहरांत मिळतात, दर साध्याच्या साधारण दीडपट. ती ज्यांच्यासाठी आहेत त्यांना ते माहीत असतं.

एक अपवाद मी मानतो. हल्लीच्या टर्बो जीडीआय इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्या इंजेक्टरवर काजळी बसली तर दुरुस्ती महाग जाते, म्हणून अशा गाडीत अधूनमधून ॲडिटिव्हवालं पेट्रोल घालायला माझी हरकत नाही.

पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलचं, म्हणजे अल्कोहोलचं, म्हणाल तर त्यात कंपनी निवडून सुटका नाही. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा झाला, २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा, आणि साधं पेट्रोल आता सगळीकडे ई२० आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. प्रत्यक्ष ॲव्हरेज किती घटतं ते इंजिन कसं ट्यून केलंय त्यावर ठरतं. "या कंपनीचं पेट्रोल हल्ली बिघडलं" ही तक्रार मी गेल्या काही वर्षांत प्रत्येक कंपनीबद्दल ऐकली. बिघडलं नव्हतं, बदललं होतं, आणि सगळ्यांचं एकदमच.

पंप कसा निवडायचा

डेपोतून सुटलेलं पेट्रोल तुमच्या टाकीत येईपर्यंत टँकर, जमिनीखालची टाकी, पाइप आणि नोझल एवढ्यांतून जातं. बिघाड व्हायचा तो याच टप्प्यात होतो.

माझे नियम साधे आहेत. जिथे दिवसभर गर्दी असते असा पंप, कारण तिथला माल साठून राहत नाही. जमिनीखालच्या टाकीची झाकणं सखल जागी असतील आणि पावसात तिथे तळं साचत असेल तर पावसाळ्यात तो पंप बंद. टँकर खाली होत असताना भरायचं नाही, टाकीच्या तळाचा गाळ ढवळला जातो. पुढच्या पंपावर जायचं. कंपनी स्वतः चालवते ते पंप, ज्यांना कोको म्हणतात, मला थोडे जास्त भरवशाचे वाटतात, कारण तिथे भेसळ करून पैसे खाणारा मालकच नसतो. पण पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्याकडे असलेले कित्येक खासगी डीलर त्यांच्यापेक्षाही काटेकोर पाहिलेत. टॅक्सी आणि रिक्षावाले जिथे रांग लावतात तो पंप सहसा चांगला निघतो. त्यांचं पोट त्यावर आहे, आणि त्यांना ॲव्हरेज कागदावर मांडावं लागत नाही.

डेन्सिटी: बघायची कशी, वाचायची कशी

प्रत्येक पंपावर त्या दिवसाची डेन्सिटी लिहिलेली असते, फळ्यावर किंवा मशीनच्या पडद्यावर. गैरसमज इथेच सुरू होतो. "डेन्सिटी जास्त म्हणजे पेट्रोल चांगलं" असं बरेच जण मानतात. इथेनॉल पेट्रोलपेक्षा जड, म्हणजे ते घातलं की डेन्सिटी वाढते आणि ऊर्जा घटते. रॉकेलही जड. तेव्हा जास्त आकडा म्हणजे गुणवत्ता नाही. आज ७३५ आणि पुढच्या टँकरला ७५० आली, तरी दोन्ही मानकात बसतात.

बघायचं असतं ते वेगळंच: टँकर आला तेव्हा बिलावर जी डेन्सिटी होती, तीच नोझलमधून येते का. फरक तीनच्या आत चालतो. त्याहून जास्त असेल तर मध्ये काहीतरी घडलंय. हिशेब करून बघा. ७४० च्या पेट्रोलमध्ये ८०० चं रॉकेल दहा टक्के मिसळलं तर डेन्सिटी ७४६ होते, सहाचा फरक, पकडलं जातं. पाच टक्के मिसळलं तर तीनचा फरक, म्हणजे अगदी काठावर. सराईत भेसळवाला रॉकेलबरोबर हलकं सॉल्व्हंटही घालून आकडा पुन्हा जागेवर आणू शकतो. म्हणून डेन्सिटी जुळली म्हणजे सगळं आलबेल असं समजू नका. जुळली नाही तर मात्र नक्की गडबड.

चाचणी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि साहित्य पंपावर असतं: उंच जार, हायड्रोमीटर (डेन्सिटी दाखवणारी तरंगती नळी), थर्मामीटर आणि रूपांतराचं कोष्टक. आवाज न चढवता मॅनेजरला सांगा, "भाऊ, डेन्सिटी बघायचीय." पुढचं असं:

१. जार कोरडा आणि स्वच्छ आहे ना ते बघा. पेट्रोल नोझलमधूनच घ्यायला लावा, आधी काढून ठेवलेल्या बाटलीतून नाही.

२. जार सपाट जागी, सावलीत ठेवा. आधी तापमान वाचा. समजा ३१ अंश.

३. हायड्रोमीटर हळू सोडा, भिंतीला चिकटू देऊ नका. स्थिर झाला की डोळा पेट्रोलच्या पातळीला आणून आकडा वाचा. समजा ७३६ आला.

४. हा ३१ अंशाचा आकडा आहे, फळ्यावरचा १५ अंशाचा. कोष्टकात ३१ आणि ७३६ जिथे मिळतात तिथे बघा. उत्तर ७५० च्या आसपास येईल. तोंडी पडताळायला अंशामागे साधारण ०.९ धरा: सोळा अंशांचे साडेचौदा.

५. फळ्यावर ७४९ असेल तर ठीक. ७४३ असेल तर थांबा आणि टँकरच्या दिवशीची नोंद दाखवायला सांगा.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा मागे चार गाड्या होत्या आणि प्रत्येकाने एकदा तरी हॉर्न मारला. दुपारी तीनला जा.

फिल्टर पेपरची चाचणी सोपी आहे. नोझलचं टोक पुसा, कागदावर एक थेंब पाडा, दोन मिनिटं थांबा. चांगलं पेट्रोल उडून जातं. तेलकट डाग राहिला तर रॉकेल किंवा तत्सम काही असू शकतं. पेट्रोलमध्ये रंग असतो, त्याची फिकट छटा उरली तर ती भेसळ नव्हे. कागद पंपाने फुकट द्यायचा असतो.

रॉकेलचा विषय निघाला की मनमाड परिसरात आजही एक नाव निघतं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी २५ जानेवारी २०११ रोजी पानेवाडीजवळ इंधन चोरी-भेसळ करणाऱ्यांना रंगेहाथ गाठलं, आणि त्यांना तिथेच जिवंत जाळलं गेलं. पंपावर डेन्सिटी विचारताना ज्यांना संकोच वाटतो, त्यांना मी हे सांगतो.

माप

पेट्रोल उत्तम आणि लिटरच ९५० मिलिलिटरचा असेल, तरी तुमचं ॲव्हरेज पडतं आणि दोष पेट्रोलला जातो. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभर पंपांवर छापे घातले, तेव्हा मशीनमध्ये फेरफार करून माप मारल्याचे प्रकार उघडे पडले होते.

पंपावर पाच लिटरचं माप असतं, वैधमापन खात्याचा शिक्का मारलेलं. शिक्का बघा. माप आधी पेट्रोलने ओलं करून रिकामं करायचं, मग मशीनवर नेमके पाच लिटर लावून सपाट जागी भरायचं. मानेवरच्या खुणेपासून २५ मिलिलिटरपर्यंत इकडेतिकडे चालतं, त्याहून कमी नाही.

"शंभरचं नको, एकशे दहाचं टाक" या तोडग्यावर माझा विश्वास नाही. ज्याला मशीन मारायचंच आहे तो एकशे दहालाही मारतो. रुपयांऐवजी लिटरमध्ये मागा, शून्य स्वतः बघा, आणि भरणारा मध्येच थांबून बोलायला लागला तर नजर आकड्यावर ठेवा. पहाटे भरलं की थंडीमुळे जास्त मिळतं हेही सोडून द्या. जमिनीखालच्या टाकीचं तापमान सकाळ-दुपारी फारसं हलत नाही.

पाणी: खरा शत्रू

जुलैतली गोष्ट. रात्रभर पाऊस, सकाळी नेहमीचा पंप बंद, म्हणून वाटेतल्या दुसऱ्या पंपावर बाइकमध्ये तीन लिटर टाकलं. दीड किलोमीटरवर गाडीने दोन आचके दिले आणि बसली. किक मारून घामाघूम झालो, शेवटी ढकलत गॅरेजला नेली. मेकॅनिकने कार्ब्युरेटरचा खालचा स्क्रू सैल केला आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धार धरली. बाटली दोन मिनिटं ओट्यावर ठेवली, तर मधोमध रेघ: वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर गढूळ पाणी. "साहेब, हे तर पाण्यावर चालवताय," एवढंच तो म्हणाला.

बोटभर पाण्यात एक गोम आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी मिसळून जातं आणि कळतही नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पूर्वी टाकीत चमचाभर पाणी शिरलं तर खाली चमचाभरच दिसायचं. आता ते स्वतःबरोबर इथेनॉलही खाली ओढतं, म्हणून थर मोठा दिसतो. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही घसरतो.

पावसाळ्यात पंपवाल्यांनी टाकीच्या तळाला पाणी आहे का ते रोज बघायचं असतं. मोजपट्टीच्या टोकाला एक लेप लावतात, पाणी लागलं की त्याचा रंग बदलतो. मॅनेजर ओळखीचा असेल तर "आज पाणी बघितलं का?" एवढं विचारलेलं पुरतं.

घरी तपासायचं असेल तर: गाडीतून थोडं पेट्रोल काढा (पंपावर सुट्या बाटलीत देत नाहीत, ते बरंच आहे), मोकळ्या हवेत, विडी-गॅस-स्विचपासून लांब. काचेच्या मोजनळीत ५० मिलिलिटर पेट्रोल घ्या. तळाशी आधीच थर दिसला तर पाणी आहे, काम संपलं. नसेल तर त्यात १० मिलिलिटर पाणी घाला, तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २० च्या आसपास आला तर दहा मिलिलिटर इथेनॉल, म्हणजे वीस टक्के, ठरलेलं तेवढंच. २५ वर गेला तर प्रश्न विचारायला जागा आहे. ही प्रयोगशाळा नव्हे, एक-दोन मिलिलिटरची चूक धरूनच चला.

जी गाडी आठवडे उभी राहते, तिची टाकी पावसाळ्यात भरलेली ठेवा. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा असते.

दोन कंपन्यांची तुलना करायचीच असेल तर

ऑटो-कट होईपर्यंत टाकी भरा, वर ठासू नका. ट्रिप मीटर शून्य करा. टाकी जवळजवळ संपवा, त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. समजा ४१२ किलोमीटर आणि २६.४ लिटर: १५.६.

आता गंमत बघा. ऑटो-कट कधी थोडा आधी पडतो, कधी नंतर. अर्ध्या लिटरची चूक सहज होते. त्याच पेट्रोलचं उत्तर मग १५.३ ही येऊ शकतं आणि १५.९ ही. म्हणून एका टाकीवर मत बनवू नका. प्रत्येक कंपनीच्या किमान तीन टाक्या, तोच रस्ता, टायरमध्ये तेवढीच हवा, एसीचा वापर तसाच. सरासरीत तीन-चार टक्क्यांहून कमी फरक असेल तर तो फरक नाहीच असं मी धरतो. माझ्या वहीत कंपनी-कंपनीतला फरक या रेषेच्या वर कधी गेला नाही. एका पंपाचा मात्र गेला, आणि त्या पंपाची पाटी माझ्या आवडत्या कंपनीचीच होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला वही दाखवली. तो म्हणाला, "काका, तुमची गाडी जुनी आहे."

तक्रार करायची वेळ आली तर

बिल घ्या, नेहमीच घ्या. पंपावर तक्रार वही असते आणि कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर फळ्यावर लावलेला असतो. वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो काढा. मापाची तक्रार वैधमापन खात्याकडे, भेसळीची कंपनीकडे आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे, आणि ग्राहक म्हणून राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५ वर. टँकरमधून उतरवलेल्या मालाचा नमुना डीलरला जपून ठेवावा लागतो, त्याचा उल्लेख तक्रारीत आवर्जून करा. घाई करा: पुढचा टँकर उतरला की टाकीतलं पेट्रोल बदललं.

आणि गाडीतून काढलेलं मिश्रण फेकू देऊ नका. काचेच्या बाटलीत बूच घट्ट लावून, तारीख आणि बिल नंबर चिकटवून ठेवा, मेकॅनिककडून दुरुस्तीच्या पावतीवर "टाकीत पाणी" असं लिहून घ्या. माझी बाटली मेकॅनिकने मी पैसे मोजत असतानाच गटारात रिकामी केली होती. दुसऱ्या दिवशी पंपावर गेलो तेव्हा मॅनेजरने फार अदबीने विचारलं, "पाणी होतं? कुठे आहे?"